साक्ष फक्त बऱ्या झालेल्यांनीच द्यायची का?

नगरची सून
३१ मार्च, रात्री ११:२०

सर्वांना जय ख्रिस्त. इथे बरेच दिवस नुसती वाचते. आज लिहायला बसले, कारण घरात सगळे झोपलेत आणि मला झोप येत नाही.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला आता दोन वर्षं होतील. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी सहाला घर सोडायचं, सात ते अकरा मशीन, घरी आणलं की ते आडवे होतात ते दिवेलागणीपर्यंत. पाण्यावर बंधन आहे. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी सगळं धरायचं. सकाळी मी एक बाटली भरून ठेवते. दुपारी ऊन चढलं की ते त्या बाटलीकडे बघतात आणि तोंड फिरवतात. कधी बर्फाचा एक खडा मागतात आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसतात. माणूस पूर्वी शेतावर उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचा.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारची उपासना चुकलेली मला आठवत नाही. पण गेले चार-पाच महिने माझी प्रार्थना होत नाही. चर्चला मंडळीत उभी राहते, गीत म्हणते, ओठ हलतात, आत काही नसतं. आणि भेटेल तो सांगतो, "ताई, विश्वासात खंबीर राहा." फोन येतात, मेसेज येतात, खाली हात जोडलेले असतात. सगळे प्रेमाने सांगतात, मला कळतं. पण खंबीर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली आहे. दिवाळीनंतर एका मोठ्या प्रार्थनासभेला आम्ही गेलो होतो. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की आजपासून तुम्ही बरे आहात, आता मशीनवर जाणं म्हणजे देवावर अविश्वास. यांनी शुक्रवारचं डायलिसिस चुकवलं. मी हो म्हटलं. रविवारी रात्री दोन वाजता यांना श्वास घेता येईना, पलंगावर आडवं होता येईना, फुफ्फुसात पाणी झालं होतं. रिक्षात मी त्यांना मागून धरून बसले होते आणि मनात एकच येत होतं, मी हो का म्हटलं.

त्या सभेत ज्यांनी ज्यांनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते पुढे येऊन सांगितलं, ते सगळे बरे झालेले होते. आमच्या मंडळीतही तसंच. नोकरी लागली की साक्ष, गाठ गेली की साक्ष, मूल झालं की साक्ष. दोन वर्षांत यांना कुणी पुढे बोलावलं नाही. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असंच सगळ्यांना वाटत असेल. मलाही तसंच वाटायला लागलंय. खरंच तसं आहे का?

जुन्नरचा
१ एप्रिल, सकाळी ६:०५

ताई, आज सकाळच्या प्रार्थनेत तुमच्या दोघांचं नाव न घेता, पण तुम्हालाच डोळ्यांपुढे ठेवून प्रार्थना केली. आत्ता एवढंच.

वसईची
१ एप्रिल, दुपारी २:४०

आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमच्याकडच्या साक्षीच्या पद्धतीबद्दल मी काही बोलत नाही. प्रार्थना होत नाही म्हणालात, त्याबद्दल लिहिते.

२०२१च्या एप्रिलमध्ये माझा मोठा भाऊ कोविडने गेला. मातीला आम्ही मोजकेच लोक, तेही लांब उभे. आईला तर घराबाहेरही येऊ दिलं नाही. त्यानंतर दोन महिने आई एक शब्दही स्वतःचा बोलली नाही देवाशी. पण संध्याकाळ झाली की ओटीवर बसून जपमाळ घ्यायची आणि मणी पुढे सरकवायची. मी एकदा रागाने विचारलं, "आई, तू काय म्हणतेस ते तुला तरी ऐकू येतं का?" ती म्हणाली, "माझे शब्द संपलेत. म्हणून पूर्वीच्या लोकांचे उसने घेतलेत. माझे आले की परत करीन."

मला तेव्हापासून रोझरीचा, म्हणजे या जपमाळेचा अर्थ कळला. १७३९ साली वसई पेशव्यांकडे गेली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, पण आमचे वाडवडील इथेच आपल्या वाड्यांत राहिले. तेव्हा त्यांच्या हातात फार काही नव्हतं. तोंडपाठ प्रार्थना होत्या, त्या संध्याकाळी घराघरांत म्हणत राहिले. रोज मनापासून म्हटल्या असतील असं मी धरून चालत नाही. पण म्हणत राहिले, म्हणून आम्ही आहोत.

तुमचे ओठ हलतात ना? हलू द्या.

जिवंत झरा
१ एप्रिल, रात्री ९:१५

ताई, राग मानू नका, मी मनापासून लिहितोय. बायबलमध्ये याइराची मुलगी मेली असं लोक सांगत आले, तेव्हा प्रभू येशू त्याला म्हणाला की भिऊ नको, विश्वास मात्र धर. त्यात "पण" नव्हता. माझ्या सख्ख्या मावशीच्या पोटातली गाठ प्रार्थनेने गेली, रिपोर्ट मी स्वतः पाहिले आहेत. तुम्ही एकदा पाऊल टाकलंत आणि मग घाबरलात. येशूचा शिष्य पेत्रही पाण्यावर चालताना लाटांकडे बघून बुडायला लागला. कदाचित प्रभू तुमच्या त्या दुसऱ्या पावलाची वाट बघत असेल. मशीनवर भरवसा की त्याच्यावर, हे एकदा मनाशी ठरवा.

निवृत्त पाळक
३ एप्रिल, सकाळी १०:३०

जिवंत झरा, तुम्ही मनापासून लिहिलंत हे मान्य. तुमच्या मावशीबद्दल मीही देवाचे आभार मानतो. पण तुमचा शेवटचा सल्ला मी इथे तसाच राहू देऊ शकत नाही, कारण तो वाचून कुणी उद्या डायलिसिस चुकवेल आणि जीव जाईल. ताईंच्या घरात ते जवळजवळ घडलंच होतं.

सदतीस वर्षं पाळकपण केलं. या विषयावर मी स्वतः तरुणपणी चुकीचा उपदेश केला आहे. म्हणून शास्त्रातूनच सांगतो.

प्रेषित पौलाच्या अंगच्या फडक्यांनी लोक बरे होत असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल तीमथ्याला लिहितो की नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. तीमथ्य त्याचा विश्वासातला मुलगा, त्याच्यावर हात ठेवलेले. तरी दुखणी वारंवार येत होती आणि पौल त्यावर उपाय सांगतो, त्याच्या विश्वासात खोट काढत नाही. त्याच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, वाचताना आपण ती ओलांडून जातो: त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. त्रफिमाचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. पौलाने प्रार्थना केली नसेल का? केलीच असेल. तरी माणूस आजारी राहिला आणि पौलाला पुढच्या गावी जावं लागलं. त्या पत्रात त्याचं नाव आजारी म्हणूनच राहिलं आहे.

आणि पौलाबरोबर शेवटपर्यंत कोण होतं? लूक. प्रिय वैद्य लूक.

पौलाचा स्वतःचा देहातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारी यातना, तीनदा विनंती करूनही गेला नाही. उत्तर आलं, पण ते काटा काढण्याचं नव्हतं.

ताई, दानिएलाच्या पुस्तकातले ते तिघे, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, राजाला काय म्हणतात ते पुन्हा वाचा. आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने न सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आम्ही उपदेशात पहिलं वाक्य मोठ्याने वाचतो आणि "न सोडवलं तरी" वर आवाज खाली आणतो. तुम्ही दोघं गेली दोन वर्षं त्या दुसऱ्या वाक्यात राहताय. तुम्हाला पुढे बोलावलं नाही, ही चूक आम्हा पाळकांची आहे. मी माझ्यापुरती तुमची क्षमा मागतो.

आणि मिस्टरांचं डायलिसिस एकदाही चुकवू नका.

एक वाचक (मी ख्रिस्ती नाही)
३ एप्रिल, रात्री ८:५०

आमचं घर वारकरी, त्यामुळे इथे लिहू की नको असं झालं होतं. पण ताईंचं लिहिणं वाचून राहवलं नाही. तुकोबांच्या घरीही दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांचे अभंग वाचले तर निम्म्या वेळा ते विठ्ठलाशी भांडतच असतात. तू आहेस तरी का, असंही विचारतात. आमच्याकडे त्याला कुणी अविश्वास म्हणत नाही. तुमच्या धर्मात देवाशी असं भांडायला परवानगी आहे का?

निवृत्त पाळक
३ एप्रिल, रात्री ९:३५

आहे तर! स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाण्याचीच आहेत. "हे परमेश्वरा, कुठवर?" हा त्यांचा सूरच आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी स्तुतीची ओळही नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला कोर्टात खेचलं, आणि शेवटी देव रागावला तो ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मित्रांवर. आणि तुकोबांचं नाव काढलंत म्हणून: आमचे रेव्हरंड टिळक, कवी ना. वा. टिळक, म्हणत असत की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा तुम्ही परके नाही, बसा.

केडगावकर
५ एप्रिल, सकाळी ७:१०

आज ५ एप्रिल. पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली आजच्याच दिवशी त्या गेल्या. हा धागा नेमका आज वाचनात आला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रमाबाईंबद्दल बोलताना आपण थेट मुक्तिमिशनवर, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या त्यांच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमावर येतो. मोठी जागा, विहिरी, छापखाना, हजारो मुली. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही, आणि नंतरचं तर नाहीच.

आधीचं असं: १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघं पायी फिरत फिरत कलकत्त्यापर्यंत गेले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली, आणि ती वर्षाचीही नव्हती तेव्हा, १८८२ साली, नवरा गेला. वय किती, तर चोविशीही पुरी नव्हती. तिथून इंग्लंडला गेल्या डॉक्टर व्हायला. तिथे कानांनी दगा दिला, ऐकू येणं कमी झालं, वैद्यकीचं शिक्षण सुटलं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. १८८३च्या सप्टेंबरात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो या सगळ्यानंतर. आपल्याकडे साक्षी जशा सांगतात, "बाप्तिस्मा घेतला आणि सगळं चांगलं झालं", तसं काहीही झालं नाही. मायदेशी टीका, तिकडे मिशनच्या वरिष्ठांशी वाद.

आणि ताई, तुमच्यासाठी मुद्दाम ही गोष्ट: रमाबाईंनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठेक वर्षं. शाळा काढली, विधवांना सांभाळलं, लोकांची बोलणी खाल्ली, आणि त्यातली बरीच वर्षं आत हे असं होतं. तुमचे चार-पाच महिने झालेत.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो बायका-मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई. पुण्यात प्लेग, म्हणून मुक्काम केडगावच्या माळावर. १९००च्या दुष्काळानंतर इथे जवळजवळ २,००० जणी होत्या. एवढ्या जणींना रोज जेवायला घालायचं म्हणजे काय, ज्यांनी लग्नाचं स्वयंपाकघर सांभाळलंय त्यांना विचारा. मागावर कापड, घाण्यावर तेल, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मुली. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन.

आता नंतरचं. मनोरमा शिकून आली, आईचा उजवा हात झाली. पुढचं सगळं तिच्यावर सोपवायचं ठरलं होतं. १९२१ साली ती चाळिशीत गेली. रमाबाईंना ऐकू येत नव्हतं, तब्येत ढासळली होती. तेव्हा त्या काय करत होत्या? बायबलचं मराठी भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, अडाणी बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत, अनेक वर्षं चाललेलं काम. लेक गेल्यावरही प्रुफं येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या. काम पुरं झालं आणि पाठोपाठ त्या गेल्या.

मनोरमेसाठीही प्रार्थना झाल्याच असणार, दिवसरात्र. मुक्तीत प्रार्थनेची काय वाण होती? तरी ती गेली. मग रमाबाईंची साक्ष कुठली धरायची? मला विचाराल तर मुलीनंतरचे ते नऊ महिने. टेबलावर ओल्या शाईचे कागद आणि हातात लेखणी. खंबीर म्हणजे काय, याचं माझ्यापाशी तरी दुसरं चित्र नाही.

डायलिसिसवाली नर्स
५ एप्रिल, रात्री १०:००

धर्माचं मोठ्यांनी लिहिलंय, मी कामाचं लिहिते. बारा वर्षं डायलिसिस युनिटमध्येच आहे.

ताई, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. अजून खिशातून भरत असाल तर सोमवारीच विचारा. तहानेसाठी: जेवणातलं मीठ जितकं कमी, तितकी तहान कमी. लोणचं, पापड, फरसाण बंद. पाणी मोठ्या ग्लासातून देऊ नका, लहान वाटीतून द्या. आणि फिस्टुलावर, म्हणजे मशीनसाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर, रोज बोटं ठेवून बघता ना?

"मी हो का म्हटलं" हे आता सोडा. अशी माणसं आम्ही दर महिन्याला बघतो. काही मंदिरातून येतात, काही दर्ग्यातून, काही सभेतून, काही झाडपाल्याच्या वैद्याकडून. घरचं माणूस वाचावं म्हणूनच प्रत्येकाने हो म्हटलेलं असतं.

नगरची सून
६ एप्रिल, रात्री ११:४५

सगळं दोनदा वाचलं. एकदा एकटीने, एकदा यांना वाचून दाखवलं. त्रफिमाशी हे थांबवून म्हणाले, "परत वाच." मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, "म्हणजे आपलं नाव आहे तर पुस्तकात."

नर्सताई, योजनेचं कार्ड गेल्या वर्षीच झालं, पण मिठाचं मी इतकं मनावर घेतलं नव्हतं. आजपासून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आणि फिस्टुलावर रोज बोटं ठेवते. रात्री हे झोपले की मनगटाच्या वर दोन बोटं टेकवायची. आत मांजर घुरघुरतं तशी थरथर लागते. ती लागली की रक्त वाहतंय, सकाळी मशीन लागेल. दोन वर्षांत एक रात्र चुकली नाही. वसईच्या ताईंच्या आईचं वाचलं आणि एकदम जाणवलं, त्या वेळी मी काहीच बोलत नसते, पण श्वास रोखलेला असतो आणि थरथर लागली की "बापा" असं निघतं. तेवढंच. मी त्याला प्रार्थना धरत नव्हते.

राग गेलेला नाही. तो अजून आहे. पाळकसाहेब, तुम्ही क्षमा मागायला नको होती, मला रडू आलं.

जिवंत झरा
७ एप्रिल, सकाळी ८:२०

ताई, मी तुमची क्षमा मागतो. दोन दिवस शास्त्र उघडून बसलो होतो. मावशीची साक्ष मी खूप ठिकाणी सांगितली आहे. ती ऐकणाऱ्यांत तुमच्यासारखं कुणी बसलं असेल, असं एकदाही मनात आलं नाही. मी नगरमध्येच राहतो. माझ्याकडे गाडी आहे. शुक्रवारी सकाळी मी मोकळा असतो. पहाटे सहाला रिक्षा शोधावी लागत असेल तर मी येईन. प्रार्थना करायला नाही, नुसतं सोडायला.

नगरची सून
७ एप्रिल, दुपारी १:०५

या दादा. निरोप पाठवते.

नगरची सून
१९ एप्रिल, सायंकाळी ५:३०

काल उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) झाला. तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं.

आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दरवर्षी तीच नावं, शिकलेली माणसं. हा धागा मी आमच्या पाळकांना दाखवला होता. ते मागच्या आठवड्यात घरी आले, चहा घेतला, आणि यांना म्हणाले, "पाचवा उद्गार तुम्ही घ्या." पाचवा म्हणजे "मला तहान लागली आहे."

हे आधी नकोच म्हणत होते. मला बोलता येत नाही, माझं शिक्षण किती, शिवाय शुक्रवार म्हणजे मशीनचा दिवस. पण मग सात दिवस वहीत काहीतरी लिहीत होते आणि खोडत होते.

काल सात ते अकरा मशीन झालं. दादांनी गाडीने थेट चर्चपर्यंत आणलं. मागच्या बाकावर उशी ठेवून आडवं केलं. चेहरा पांढरा पडला होता, मी म्हटलं राहू द्या. पाचवा उद्गार आला तेव्हा सव्वादोन वाजले असतील. उठले, भिंतीला धरून पुढे गेले. वही उघडलीच नाही. चार मिनिटंही बोलले नाहीत.

म्हणाले, "मी दोन वर्षं तहानलेला आहे. तहान काय असते ते मला माहीत आहे. जीभ टाळूला चिकटते आणि दुसरा कुठलाही विचार डोक्यात राहत नाही. देवाचा सुद्धा. मला वाटायचं हे माझ्या विश्वासाचं कमीपण आहे. पण माझा प्रभू तिथे टांगलेला होता आणि त्यालाही पाणी हवं होतं आणि तो तसं बोलला. लपवलं नाही. मी बरा झालेलो नाही. सोमवारी मला परत जायचंय. एवढंच सांगायचं होतं."

आणि बसले. मंडळीत आवाज नव्हता. पुढच्या बाकावरच्या एक आजी, ज्यांचा मुलगा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला आहे आणि ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. उपासना सुटल्यावर त्या आल्या आणि यांचा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मीपण बोलेन."

बाहेर मांडवात कुणीतरी यांच्या हातात पाण्याचा भरलेला पेला दिला, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. यांनी दोन घोट घेतले, उरलेला माझ्याकडे दिला. मी प्यायले.

उद्या पुनरुत्थानाचा रविवार. पहाटेच्या उपासनेला जायचं आहे, दादा गाडी घेऊन साडेचारला येतात. नर्सताई, पुरणपोळी एकच देणार आहे आणि कटाची आमटी नाही, काळजी नको.